शेतातून तेलाची पाइपलाइन जाणार म्हणतात: पाड्याच्या ग्रामसभेने पहिल्या एकवीस दिवसांत काय करायचं

आधी बांधावरच्या दगडांवर लाल रंगाचे फराटे दिसतात. मग एक दिवस दोन पोरं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा धरून उभी असतात आणि मागे तिपाईवर यंत्र लावून एक जण. विचारलं तर उत्तर एकच: "सर्व्हे चाललाय." कसला, ते सरपंचालाही सांगता येत नाही. पंधरा दिवसांनी कळतं की पाड्याच्या वरच्या अंगाने, मोहाच्या झाडांमधून, पेट्रोल-डिझेलची लाइन जाणार आहे. त्या संध्याकाळी कोणीतरी ठामपणे म्हणतं, "ग्रामसभेने हो म्हटल्याशिवाय त्यांना हात लावता येणार नाही."

वनहक्काच्या दाव्यांचे कागद भरायला मी पाड्यांवर बसतो, तेव्हा हे वाक्य बऱ्याचदा कानावर येतं. ते अर्धंच खरं आहे. त्याच्या भरवशावर लोक निवांत राहतात आणि हरकतीची मुदत निघून जाते. तेलवाहिन्या ज्या कायद्याखाली टाकल्या जातात त्या १९६२ च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन अधिनियमात ग्रामसभेच्या संमतीला जागाच नाही. तिथे आहे ती फक्त हरकत. संमतीचा हक्क दुसऱ्या कायद्यांतून येतो, आणि तोही आपण कागदावर आणला तरच. तेव्हा कोणी विचारायला येईल याची वाट बघू नका. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी कागद हातात घ्या

जमिनीतून लाइन टाकायला वापराचा हक्क घेणार असल्याची, याच कायद्याच्या कलम ३(१) खालची अधिसूचना केंद्राच्या राजपत्रात येते. तिच्यात तालुका, गाव, गट क्रमांक आणि प्रत्येक गटातलं किती क्षेत्र वाहिनीच्या पट्ट्यात जाणार ते हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं. हरकत ज्याच्याकडे द्यायची त्या सक्षम प्राधिकाऱ्याचा पत्ताही तिथेच असतो. हा बहुतेक वेळा महसूल खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेला उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. कंपनीचा ठेकेदार किंवा 'लायझन'वाला माणूस म्हणजे सक्षम प्राधिकारी नव्हे. त्याच्या हातात दिलेला अर्ज कुठेच दिलेला नसतो, हे पाड्यावर सगळ्यांना सांगून ठेवा.

सर्वेक्षणाला आलेल्यांना पहिला प्रश्न असा विचारायचा: "राजपत्राची तारीख काय?" कलम ४ प्रमाणे जमिनीत शिरून मोजणी करायचा, खुणा करायचा अधिकार ही अधिसूचना निघाल्यानंतरच मिळतो. आधी आले असतील तर ते खातेदाराच्या मर्जीवर आलेत. नम्रपणे नाही म्हणता येतं. अधिसूचना निघाली असेल तर मात्र अंगावर जाऊ नका. मुद्दाम अडथळा आणणं हा याच कायद्याच्या कलम १५ खाली गुन्हा आहे, आणि पोरांवर एकदा केस पडली की पुढची दोन वर्षं पाइपलाइन बाजूला राहते आणि तालुक्याच्या कोर्टाच्या तारखाच सुरू होतात.

हरकतीला मिळतात २१ दिवस. कायद्यातले शब्द 'अधिसूचनेच्या तारखेपासून' असे आहेत. अधिसूचनांच्या मजकुरात मात्र साधारणपणे 'राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून' असं छापलेलं असतं. तुम्ही दोन्ही तारखा लिहून ठेवा. ग्रामपंचायतीच्या फलकावर नोटीस लागली की तिचा तारीख दिसेल असा फोटो काढा, आणि लागली नसेल तर रिकाम्या फलकाचाही काढा. दुसरी तारीख पुढे भांडायला उपयोगी पडेल. हरकत पहिल्या तारखेच्या हिशेबात बसवा.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकून उत्तराची वाट बघणारेही भेटतात. त्याच्या उत्तराला ३० दिवस आणि हरकतीला २१. हे गणितच जुळत नाही. अर्ज जरूर टाका, पण हरकत त्याच्यासाठी अडवून ठेवू नका.

जनसुनावणीची वाट तर अजिबात बघू नका. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत तेल-वायूच्या वाहिन्या येतात त्या राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून जाणार असतील तर. साध्या शेत-जंगलातून जाणाऱ्या लाइनसाठी मंडप घालून कोणी तुमचं म्हणणं ऐकायला येणार नाही.

गट क्रमांकांचे ढीग करा

अधिसूचनेतली यादी, तलाठ्याकडचे सातबारे आणि गावनकाशा घेऊन एक दुपार बसा. वनहक्क समितीचा सचिव, शाळेत शिकलेली दोन पोरं आणि जमीन पायाखाली घातलेली एक म्हातारी एवढी माणसं पुरतात. म्हातारी हवीच. "हा गट म्हणजे दगडूच्या आंब्यापासून ओहोळापर्यंत" हे तिलाच सांगता येतं, सातबाऱ्यावर ते लिहिलेलं नसतं.

प्रत्येक गट पुढच्यांपैकी कुठल्या ढिगात पडतो ते ठरवा: आदिवासी खातेदाराची सातबाऱ्यावरची जमीन, वनहक्काचा पट्टा मिळालेली जमीन, दावा टाकलेला पण निकाल नसलेली, दळी (जंगलातल्या उतारावरचे तुकडे) किंवा एकसाली (वर्षावर्षाच्या बोलीवर दिलेली) म्हणून पिढ्यानपिढ्या कसलेली, गुरचरण, स्मशान, देवाची जागा, आणि वनखात्याच्या नावावरचं जंगल, जिथून मोह, तेंदू, गवत येतं. एकाच गटात दोन प्रकार निघाले तर दोन्हीकडे लिहा.

घरांचा ढीग वेगळा, आणि तो सगळ्यात आधी. कलम ७ म्हणतं की अधिसूचनेच्या आधी राहण्यासाठी वापरात असलेल्या जमिनीखालून, पक्कं बांधकाम असलेल्या जागेतून किंवा घराला लागून असलेल्या जागेतून वाहिनी टाकता येत नाही; आणि कुठेही जमिनीच्या एक मीटरच्या आत टाकता येत नाही. शब्द नीट बघा: 'वापरात असलेली'. मालकी विचारलेलीच नाही. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत आणि "तुमची जागा कुठेय?" म्हणून त्यांना गप्प बसवलं जातं. इथे तो प्रश्न गैरलागू आहे. घरपट्टीची पावती, वीजबिल, रेशनकार्ड, घरकुलाचा आदेश, मुलाच्या दाखल्यावरचा पत्ता, यातलं जे असेल ते जोडा आणि घरासमोर माणसं उभी करून फोटो काढा.

संमती नेमकी कुठे आहे

हा भाग थोडा किचकट आहे, पण याच्यावरच सगळं अवलंबून आहे. चहा घेऊन बसा.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ मध्ये अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती सांगितली आहे. लोक याचाच दाखला देतात. पण त्याच कायद्याच्या कलम १०५ आणि चौथ्या अनुसूचीने तेरा कायदे बाहेर ठेवले, आणि १९६२ चा पाइपलाइन कायदा त्या तेरांत आहे. २८ ऑगस्ट २०१५ च्या केंद्राच्या आदेशाने भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी या तेरांना लागू केल्या. संमतीची तरतूद लागू केली नाही. तेव्हा हरकतीत कलम ४१ एकट्याने पुढे करू नका. समोरचा वकील दोन मिनिटांत ते खोडून काढतो.

दुसरा १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा. त्याच्या कलम ४(झ) मध्ये, इंग्रजी प्रतीत आय, अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी विचारविनिमय करावा असं आहे. विचारविनिमय, संमती नाही. त्यावरही कंपनी म्हणते की आम्ही जमीन घेतच नाही, फक्त वापराचा हक्क घेतो, मालक तुम्हीच. हरकतीत याला उत्तर द्या. पाइपलाइन कायद्याच्या कलम ९ प्रमाणे वाहिनीच्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळं खोदता येत नाही आणि झाड लावता येत नाही. ज्या जमिनीवर नातवाला घर बांधता येणार नाही आणि आंबा लावता येणार नाही, तिच्यात मालकीचं उरलं काय? पेसा महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांच्या अनुसूचित भागालाच लागू आहे. पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली त्यात आहेत, रायगड नाही. रायगडातल्या वाडीने ठरावात पेसा लिहिला की तो ठराव तिथेच लंगडा होतो.

खरा आधार २००६ चा वनहक्क कायदा. तो रायगडातही चालतो. कलम ४(५) सांगतं की दाव्यांची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. कलम ५ जंगल आणि आपला अधिवास राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं. काही अधिकारी कलम ३(२) दाखवतात, ज्यात एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन गावाच्या सोयींसाठी सोप्या वाटेने देता येते. ती यादी स्वतः वाचा: शाळा, अंगणवाडी, रस्ते, पिण्याचं पाणी आणि पाण्याच्या पाइपलाइनी. पाण्याच्या. तेलाच्या नाही.

आता मेख. वनजमीन दुसऱ्या कामाला वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी, असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने सांगितलं. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी खाणीला एकमुखाने नकार दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याच्या आधारे प्रश्न त्यांच्याकडे पाठवल्यामुळे. पण त्याच वर्षी, ५ फेब्रुवारी २०१३ ला, मंत्रालयाने रस्ते, कालवे, पाइपलाइन, विजेच्या तारा अशा सरळ रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना संमतीच्या अटीतून सूट दिली. पुढे २०२२ च्या नियमांनी वनहक्कांची पूर्तता बघायचं काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याकडे ढकललं. म्हणजे नियमगिरीचं नाव घेऊन पाइपलाइन थांबत नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण सुनावणीत तोंडावर पडण्यापेक्षा आत्ता वाटलेलं बरं.

त्या सुटीलाच एक अपवाद आहे. आदिम जमातींचे आणि शेतीपूर्व समाजांचे मान्य झालेले हक्क बाधित होत असतील तर ती सूट लागू नाही. महाराष्ट्रात अशा जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. मुंबईच्या आसपासच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी वाहिनी रायगड, ठाणे, पालघर यांतल्याच कुठल्या तरी वाटेने बाहेर पडते, आणि हाच कातकऱ्यांचा मुलूख. पण 'मान्य झालेले' हा शब्द विसरू नका. दावा कपाटात पडून असेल तर या अपवादाचा फायदा हाती लागत नाही. कातकरी वाडीचा दावा प्रलंबित असेल तर वनहक्काच्या उपविभागीय समितीकडे पहिली धाव त्यासाठी घ्या, आणि दावाच टाकलेला नसेल तर या एकवीस दिवसांत टाका. वैयक्तिक दाव्यांबरोबर सामूहिकही.

ग्रामसभा, आणि तो हजेरीपट

एका वाडीत कंपनीच्या माणसांनी 'माहिती मेळावा' घेतला होता. चहा-बिस्किटं, पोरांना वह्या, आणि जाताना "हजेरी लावा" म्हणून कोरा कागद फिरवला. सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. तीन महिन्यांनी तोच कागद प्रस्तावात दिसला. वर एक ओळ टाइप केलेली होती: 'ग्रामस्थांची हरकत नाही.' तेव्हापासून मी प्रत्येक पाड्यावर एकच गोष्ट आधी सांगतो: वर काय आहे ते लिहिल्याशिवाय खाली अंगठा नाही.

सभा पाड्याची घ्या. गटग्रामपंचायतीची मोठी सभा चार गावांची असते, आणि लाइन ज्यांच्या अंगणातून जाणार नाही त्यांचीच तिथे गर्दी. वनहक्क नियमांप्रमाणे निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. वनहक्क दाव्यांवर ठराव असेल तर निम्मे दावेदारही. गणसंख्या भरली नाही तर सभा पुढे ढकला. सुगीच्या दिवसांत आणि वीटभट्टीवर माणसं गेलेली असताना सभा लावायचा आग्रह वरून होतो. तो मानू नका, तारीख तुम्ही ठरवा; फक्त २१ दिवसांच्या आत.

ठराव असा लिहिता येईल. शब्द तुमच्या गावाप्रमाणे बदला:

"विषय: गट क्र. … मधून प्रस्तावित पेट्रोलियम वाहिनी. सक्षम प्राधिकारी अथवा त्यांचे प्रतिनिधी सभेस हजर होते / नव्हते. मार्गाचा नकाशा, बाधित क्षेत्राची यादी व गळती झाल्यास करावयाच्या व्यवस्थेची माहिती मराठीत मिळाली / मिळाली नाही. या ग्रामसभेचे वैयक्तिक … व सामूहिक … दावे प्रलंबित असून वनहक्क अधिनियम २००६ च्या कलम ४(५) नुसार प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणासही ताब्यातील वनजमिनीवरून हटविता येत नाही. कलम ५ अन्वये मिळालेल्या अधिकारात ही ग्रामसभा प्रस्तावास आज संमती देत नाही. हजेरीपटावरील सह्या व अंगठे केवळ उपस्थितीचे असून ते संमती म्हणून वापरू नयेत."

'आज' हा शब्द मुद्दाम ठेवलाय. उद्या मार्ग बदलला, माहिती मिळाली, तर गावाला पुन्हा बसता यावं. ठराव सभेतच मोठ्याने वाचा आणि इतिवृत्ताच्या वहीत दोन मजकुरांमध्ये मोकळी ओळ सोडू नका. प्रती जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक, आदिवासी विकासचे प्रकल्प अधिकारी आणि सक्षम प्राधिकारी यांना पोच घेऊन द्या. वनजमिनीच्या प्रस्तावात जिल्हाधिकाऱ्याचं वनहक्क प्रमाणपत्र लागतं. पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर प्रस्तावाबरोबर ते बघता येतं. तुमच्या ठरावात नकार आणि प्रमाणपत्रात वेगळंच लिहिलेलं असेल, तर कोर्टात उभं राहायला तेवढी तफावत पुष्कळ आहे.

हरकत आणि सुनावणी

हरकत प्रत्येक खातेदाराची, पट्टाधारकाची वेगळी आणि ग्रामसभेची वेगळी. छापील एकच अर्ज दोनशे जणांनी दिला की अधिकारी एकच हरकत मोजतो. प्रत्येक अर्जात त्या गटाचं काहीतरी खास हवं: विहीर किती फुटांवर, झाडं कोणती, ओहोळ कुठून, आणि पर्यायी मार्ग. 'पाड्याऐवजी खालच्या रस्त्याच्या कडेने न्या' असं नकाशावर दाखवलेलं म्हणणं नुसत्या विरोधापेक्षा खोडायला अवघड जातं.

पाइपलाइन कायद्याच्या कलम ५ खाली तुम्हाला समक्ष किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडायचा हक्क आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. मागायला लाजू नका.

सुनावणीत काय बघायचं ते कॅनडातल्या एका खटल्यावरून समजतं. अल्बर्टातून पॅसिफिकच्या किनाऱ्यावर तेल नेणाऱ्या ट्रान्स माउंटन वाहिनीची दुसरी लाइन टाकायला सरकारने दिलेली मंजुरी तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने ३० ऑगस्ट २०१८ ला रद्द केली. सरकारचे लोक मूळ रहिवाशांना भेटले होते, बैठका झाल्या होत्या, इतिवृत्तं होती. न्यायालयाचं म्हणणं असं की ही माणसं नुसती टिपणं घेऊन वर पाठवत राहिली. खरा संवाद झालाच नाही. अर्थात गोष्ट तिथे संपत नाही. सरकारने पुन्हा चर्चा केली, २०१९ मध्ये पुन्हा मंजुरी दिली, २०२० मध्ये त्याच न्यायालयाने ती उचलून धरली आणि सल्लामसलतीचा हक्क म्हणजे नकाराधिकार नव्हे असं सांगितलं. १ मे २०२४ ला ती लाइन सुरूही झाली. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच: तुमच्या प्रत्येक मुद्द्याला काय उत्तर मिळालं ते लेखी मागा. 'हरकती विचारात घेऊन फेटाळल्या' एवढ्या एका ओळीच्या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान द्यायला मग काहीतरी हातात राहतं.

संयुक्त राष्ट्रांचा २००७ चा मूळनिवासी हक्कांचा जाहीरनामा, त्यातली मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती, हे हरकतीच्या शेवटी एका ओळीत लिहा. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं होतं. कॅनडा आणि अमेरिकेने तेव्हा विरोधात. पण तहसील कचेरीत त्याचं वजन फारसं पडत नाही, म्हणून पहिल्या पानावर नको.

एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा: अधिसूचनेपासून एक वर्ष. तेवढ्यात वापराचा हक्क घ्यायची घोषणा, पाइपलाइन कायद्याच्या कलम ६ ची, त्या जमिनीबाबत निघाली नाही तर ती अधिसूचना आपोआप संपते.

हो म्हणायचं असेल तर

सगळीच गावं नाही म्हणतात असं नाही, आणि हो म्हणणाऱ्यांना नावं ठेवायचं कारणही नाही. पण अटी ठरावात हव्यात, साहेबाच्या तोंडी शब्दात नकोत. वरची माती वेगळी काढून वरच परत टाकणं, पावसाआधी खड्डा बुजवणं, ओहोळाचा उतार मोडू न देणं, गळती झाली तर कोणाला फोन करायचा त्याचं नाव-नंबर मराठीत पाटीवर.

पाइपलाइन कायद्यात भरपाई दोन भागांत असते. वापराच्या हक्कापोटी कलम ३(१) च्या अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या १० टक्के. आणि नुकसानीची भरपाई वेगळी. दुसऱ्या भागात उभं पीक आणि झाडं तर आहेतच, पण कलम १० मध्ये कमाईला बसलेला फटकाही आहे. मोह वेचणं, गवत विकणं, बकऱ्यांची चराई हे त्याखाली मागा. रक्कम पटली नाही तर दाद जिल्हा न्यायाधीशाकडे मागता येते. पैसे घेताना पावतीवर 'हक्क राखून' असं लिहा आणि मगच सही करा.

खोदाईच्या आदल्या दिवशी

पंचनामा मशीन यायच्या आधी व्हायला हवा. नंतर झाडं नसतात, फक्त बुंधे असतात. ठेकेदाराचा माणूस मोबाइलवर फोटो काढून "झालं" म्हणेल. तुम्ही तुमची वही काढा. प्रत्येक झाडाला चुन्याने नंबर घाला आणि दोरीने घेर मोजा. वहीत चार रकाने: नंबर, झाड, घेर, आणि चौथ्यात त्या झाडाखालचा मोह चैत्रात कोण वेचतं त्या बाईचं नाव. जमीन वनखात्याची असली तरी चौथा रकाना भरा. तलाठी म्हणेल, याची गरज नाही. त्याला पंच म्हणून खाली सही करायला सांगा.